टेलरबाई सुखी झाल्या, आता आम्ही काय ऐकायचं?

भुसावळकरीण (धागाकर्ती)

३ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला गायिका टेलर स्विफ्टचा नवा अल्बम 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' आला तेव्हा मी गाडीत होते. भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्यांना सांगायला नको, गाडीने मनावर घेतलं तर अर्धा तास. अल्बम बेचाळीस मिनिटांचा. आठ गाणी गाडीत झाली, नववं ऑफिसच्या जिन्यात, उरलेली तीन रात्री भांडी घासताना. मध्येच सोडता आला, रात्रीपर्यंत आठवणही झाली नाही, यातच काय ते आलं.

तिचा जुना 'फोकलोर' अल्बम मी असा सोडला नव्हता. जुलै २०२०. आमचं घर यार्डाच्या अंगाला. एरवी रात्रभर अनाउन्समेंट, शंटिंग, भोंगे. त्या दिवसांत पॅसेंजर गाड्या जवळपास बंद, मधूनच एखादी मालगाडी जायची आणि पुन्हा सगळं चिडीचूप. गच्चीवर सतरंजी टाकून, बाबांचा जुना हेडफोन लावून सोळाच्या सोळा गाणी एका दमात ऐकली होती. मग परत पहिल्यापासून.

तेव्हा ती स्वतःच्या बाहेर पडली होती. दुसऱ्या महायुद्धात ग्वादालकनालला लढलेल्या आजोबांवर गाणं, ऱ्होड आयलंडचं जे घर तिने विकत घेतलं त्या घराच्या जुन्या मालकिणीवर, रिबेका हार्कनेसवर गाणं, आणि शाळकरी पोरांच्या एकाच भानगडीवर तिघांच्या तोंडून तीन वेगळी गाणी. पाचच महिन्यांत 'एव्हरमोर' आला, त्यात आजीवर गाणं, आणि त्या ऑपेरा गायिका आजीचाच जुना आवाज मागे लावलेला.

आता? मी, माझा होणारा नवरा, माझी प्रसिद्धी, माझ्यावर जळणारे लोक. बारा गाणी आणि बाराही आरशासमोर. आवाज गोड, चाली चिकट, पण आत काही नाही. मला वाटतं बाई सुखी झाली आणि लेखणी बोथट झाली. पटत नसेल तर भांडा.

शेवभाजी

आलं मीठ चोळायला कोणीतरी! ताई, शिक्का मारलेलं आहे, +१.

सातपुडा२२

-१. मागच्या वर्षी 'टॉर्चर्ड पोएट्स' आला तेव्हा याच मंडळींची तक्रार होती की एकतीस गाणी, दोन तास, नुसती रडारड, कात्री लावा कोणीतरी. आता बारा दिली, हसून दिली, तरी तोंड वाकडंच. सासूला सून जाड झाली तरी खुपते, बारीक झाली तरी खुपते.

धुळे_साउंड

मी लग्नात साउंड लावतो, गेली चौदा वर्षं. माझ्या कामाशी टेलर स्विफ्टचा संबंध शून्य. आमच्याकडे वरातीत अहिराणी गाणी चालतात आणि ती चालावीतच. पण कानाला सवय म्हणून सगळं ऐकतो. धागाकर्तीने फरक बरोबर पकडला, कारण चुकीचं लावलं.

फोकलोरच्या बऱ्याच गाण्यांत आधी संगीत आलं. संगीतकार एरन डेसनर लांब त्याच्या स्टुडिओत बसून ट्रॅक करून पाठवायचा, ही इकडे घरात त्यावर शब्द टाकायची. ट्रॅक सैल, गिटार आणि पियानो आपले फिरत राहतात, त्यामुळे ओळ लांबली काय, आखूड झाली काय, खपून जातं. गोष्ट सांगायला भरपूर जागा.

नवा अल्बम तिने मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक या दोन स्वीडिश लोकांबरोबर केला. २०२४ मध्ये युरोपात तिचे कार्यक्रम चालू होते, त्यातून सवड काढून ती स्वीडनला जायची. हे दोघे म्हणजे तिच्या '१९८९' आणि 'रेप्युटेशन' या जुन्या अल्बमवाले. मॅक्स मार्टिनचा हिशोब सुराचा. पहिल्या ओळीत जितकी अक्षरं, तितकीच दुसरीत पाहिजेत, नाहीतर शब्द बदला, सूर बदलायचा नाही. मात्रा मोजून वृत्तात लिहिल्यासारखं. त्या साच्यात आजोबांचं युद्ध कुठे बसवणार? सुखदुःखाचा भाग नंतरचा, आधी साचा बघा.

तरी एक सांगतो. लोक १९८९ सारख्या धमाक्याची वाट बघत होते आणि धमाका आलाच नाही. ढोबळ इलेक्ट्रॉनिक ठोके कमी, बास आणि ड्रम खऱ्या वाजवल्यासारखे. 'ओपलाइट' या गाण्याचा बास मी मोठ्या सेटवर लावून ऐकला. गोडाऊनच्या पत्र्याला कंप नाही, पण छातीत बरोबर बसतो. इतकं स्वच्छ मिक्सिंग आमच्या धंद्यात कोणी ऐकून घेत नाही. आम्हाला म्हणतात, 'भो, वाढव.'

भुसावळकरीण

दादा, साच्याचं मान्य. पण १९८९ पण याच लोकांचा होता ना? त्यात शब्द मेले नव्हते.

धुळे_साउंड

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि कंट्री संगीत सोडून पहिल्यांदा पूर्ण पॉपमध्ये उतरली होती. नव्या गड्याचा जोर असतो. आता बारावा अल्बम, पस्तिशी. जोर दाखवायची गरज राहिली नाही. ही तक्रार नाही, नुसतं निरीक्षण.

तापीकाठचा

सहावं गाणं.

शेवभाजी

सहाव्याचं काय? पूर्ण लिही ना भो, पोस्टाची तार आहे का ही?

निवृत्त_मास्तर

मी या विषयात नवखा. अमळनेरला नात सुट्टीत आली होती, तिने पहिलं गाणं ऐकवलं, कारण त्यात ऑफिलिया आहे. आम्ही हॅम्लेट वर्गात शिकवलेलं. आगरकरांनी त्याचं 'विकारविलसित' १८८३ मध्ये केलं हे नातीला सांगितलं. तिने 'हो का आजोबा' म्हटलं आणि आवाज वाढवला.

माझी हरकत अशी. ऑफिलिया ओढ्यात बुडते. प्रियकराने झिडकारलेली, बाप मारला गेलेला, वेड लागलेली मुलगी. तिचं ते बुडणं हीच शोकांतिका. या बाई म्हणतात, मीही तशीच बुडाले असते, पण तू आलास आणि वाचवलंस. म्हणजे चौथ्या अंकात नवरदेव हजर आणि नांदी पुन्हा सुरू. आपल्या बऱ्याच संगीत नाटकांत शेवटी लग्न लागायचंच, तसं झालं हे. शेक्सपिअरची पोरगी कोणी अशी मांडवात उभी करतं का?

यावर नात म्हणाली, 'आजोबा, तिने हे आधीपण केलंय.' अठराव्या वर्षी, २००८ साली, या बाईंनी रोमिओ आणि ज्युलिएटचा शेवटही असाच बदलला होता. दोघे जिवंत, बाप राजी, अंगठी पुढे. त्यावर सगळं जग नाचलं म्हणे. मी गप्प बसलो. आता धागाकर्तीबाईंना माझा प्रश्न: सुखाने लेखणी बोथट होते म्हणता, मग ही सवय तर पहिल्यापासूनची दिसते. बोथट केव्हा झाली?

अवांतर: नववं गाणं, 'वुड', लाकडाविषयी आहे असं शीर्षकावरून वाटलं. नातीने ते ऐकवायला नकार दिला.

सातपुडा२२

मास्तर, नातीचं ऐका. ते लाकडाविषयी नाही.

शेवभाजी

आणि ताईंनी नेमकं तेच ऑफिसच्या जिन्यात ऐकलं. साहेब मागून येत नव्हते ना?

भुसावळकरीण

येत होते. हेडफोनचं एक टोक कानातून निसटलं होतं. विषय संपला.

मास्तर, तुम्ही पेचात पकडलंत. दोन दिवस विचार करतेय. ते रोमिओ-ज्युलिएटवालं 'लव्ह स्टोरी' मला तोंडपाठ आहे आणि तिच्यातला सुखाचा शेवट मला कधीच खटकला नाही. मग इथे का खटकतो? मला असं वाटतं, तेव्हाचं सुख तिला हवं होतं, आताचं तिच्या ताब्यात आहे. हवं असलेल्याची गोष्ट होते. ताब्यात असलेल्याची यादी होते. 'विश लिस्ट' ऐका. बाकीच्यांना बोटी हव्यात, पुरस्कार हवेत, हिला घर, लेकरं आणि दारात बास्केटबॉलची कडी. चांगलंय बाई, पण तुला बोट घेणं परवडतं आणि चार 'अल्बम ऑफ द इयर' पण आहेत. पुरस्कार नकोत हे चार ग्रॅमी कपाटात ठेवून म्हणणं सोपं.

खिरापत

भुसावळकरीण, हे मात्र झकास लिहिलंस. तरी भांडते.

अल्बम आला तेव्हा आमच्या गल्लीत भुलाबाई चालू होती. ३ तारखेला अल्बम, ६ ला कोजागिरी. संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा. डबा हलवायचा, वाजतो का बघायचं, गोड की तिखट विचारायचं, आणि जिच्या घरचा खाऊ ती तोंड घट्ट मिटून हसत बसते. टेलरच्या चाहत्यांचं ऑगस्टपासून हेच चाललं होतं. कपड्यांचा नारिंगी रंग काय, बारा आकडा काय, कुठल्या फोटोत किती बोटं. तिने आम्हाला पंधरा वर्षं डबा हलवायला शिकवलं. मग झाकण उघडल्यावर आत साधे शेंगदाणे निघाले की रुसायचं. शेंगदाणे वाईट नसतात, आपण डबा फार हलवला.

आणि भुलाबाईच्या गाण्यांत तरी काय असतं? सासरची तक्रार, माहेरची हौस, कोणी काय आणलं, कोणाला काय दिलं. सगळं 'मी माझं'च. कोणी म्हणत नाही आरशासमोर बसल्या म्हणून.

शेवभाजी

या संस्थळावर जळगाव जिल्ह्याच्या कुठल्याही धाग्यात दहाव्या प्रतिसादाच्या आत बहिणाबाई येतात. या वेळी भुलाबाई आली. प्रगती आहे.

खिरापत

येऊ दे की मग, तुझी इच्छा आहे तर. आसोद्याची लेक, तिशीत वैधव्य, लिहिता येत नव्हतं, जात्यावर नि शेतात गाणी रचली, सोपानदेवांनी उतरवून घेतली म्हणून राहिली. त्यात दुःख आहे तितकंच माहेराचं कौतुक आहे, थट्टा आहे, मळणी आहे. सुखाचं गाणं हलकं असतं हा नियम आणला कोणी?

भुसावळकरीण

माझा नियम सुखावर नाही गं. नेमकेपणावर आहे. बहिणाबाईंचं सुख डोळ्यांपुढे दिसतं. 'ओपलाइट'मधलं दिसत नाही, चकाकतं फक्त.

सातपुडा२२

ओपलाइट म्हणजे कारखान्यात केलेली काच, खरा ओपल नव्हे. म्हणजे तिचं म्हणणंच आहे की हे सुख आपोआप सापडलं नाही, घडवलं. जळगावच्या सराफ बाजाराशेजारी राहून तुम्हाला खऱ्याखोट्याचा फरक सांगायला लागतोय होय?

भुसावळकरीण

हे मला माहीत नव्हतं. एक गाणं परत घेते. एकच.

आवृत्ती_सातवी

माझी तक्रार गाण्यांची नाही, दुकानाची आहे. एकच अल्बम, पण मुखपृष्ठ वेगळं, विनाइल तबकडीचा रंग वेगळा, कुठे दोन अकूस्टिक गाणी जास्त, आणि दर दोन-चार दिवसांनी 'आता शेवटची संधी'. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ४० लाखांवर खप नोंदला, २०१५ मध्ये गायिका अडेलच्या '२५' अल्बमने केलेला जवळपास ३५ लाखांचा विक्रम मोडला. त्यात एकाच माणसाने घेतलेल्या चार-चार प्रती किती, ते देव जाणे. मी स्वतः मामेभावाकडून तिकडून एक मागवली. पार्सल चोपड्याला पोचेपर्यंत डबी तडकली होती. कुरिअरवाला म्हणाला, 'आत काय होतं, काच?' म्हटलं, हो, ओपलाइट.

धुळे_साउंड

तिने मेच्या शेवटी पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंग विकत घेतली. २०१९ पासूनचं भांडण होतं ते, त्यापायी चार अल्बम तिने पुन्हा गाऊन काढले. आपलं शेत दुसऱ्याच्या नावावर चढलेलं सोडवायला माणूस किती पैसा ओततो, आपल्याकडे सांगायला नको. पण हो, रंगीबेरंगी विनाइलचं समर्थन मी करणार नाही.

थोरली

रावेरकडची आहे, केळीवाले. सगळं वाचलं. पाचव्या गाण्याची कोणी बाजू घेतली नाही म्हणून लिहितेय.

'एल्डेस्ट डॉटर'. पाचवं गाणं म्हणजे अल्बममधलं सगळ्यात हळवं, हा तिच्याकडचा जुना रिवाज. त्यामुळे सगळे रुमाल घेऊन बसले आणि सुरुवातीलाच इंटरनेटवरच्या पोरांची भाषा आली. मीही हसले. वाटलं, पस्तिशीची बाई कॉलेजच्या पोरांचे कपडे घालून आलीय. इंटरनेटवर या गाण्याची बरीच थट्टा झाली.

मी घरात थोरली, पाठीवर दोन बहिणी, एक भाऊ. दोन वर्षांपूर्वी जूनच्या वादळात आमची बाग आडवी झाली. घड भरत आलेली खोडं, पंधरा-वीस दिवसांत कापणी होती. पप्पा बांधावर बसून राहिले, बोलेनात. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा त्याच्याबरोबर चिखलातून मी फिरले. मोजताना तो म्हणाला, ताई, तुम्हीच बघता का सगळं? मी काय सांगितलं माहितीये? 'त्यात काय, होतंच असं दरवर्षी.' अगदी असं, खांदे उडवून. मोबाइलवर मीम बघत असल्यासारखं. आत पोटात गोळा होता. घरी येऊन धाकटीच्या फीचा हिशोब केला आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक विनोद पाठवला, तिला कळू नये म्हणून.

त्या गाण्याची सुरुवात मला आता तशीच वाटते. ती भाषा वाईटच आहे, ती वाईट असायलाच हवी. आपल्याला कशाचं काही वाटत नाही असं दाखवणाऱ्या माणसाचं ते सोंग आहे. मग गाणं ते सोंग उतरवतं, थोरल्या लेकींसाठी कोकराची एक उपमा येते, आणि शेवटी साधं वचन उरतं की सोडून जाणार नाही. मला ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऐकताना कळलं, चांगल्या हेडफोनवर कळलं नव्हतं. बाकी अल्बमचं तुमचं चालू द्या. नववं मलाही नको.

खिरापत

थोरली, 🙏

शेवभाजी

मी या धाग्यावर पहिल्यांदाच गंभीर होतोय, नोंद घ्यावी. मी घरात शेंडेफळ. माझ्या ताईला आत्ता फोन केला. ती म्हणे, 'पैसे पाहिजेत का?'

निवृत्त_मास्तर

थोरलीबाई, सोंगाचा हा अर्थ मला सुचला नसता. हॅम्लेटही वेडाचं सोंगच घेतो. ऑफिलिया मात्र खरीच वेडी होते. नातीला आज फोनवर हे सांगितलं. या वेळी तिने आवाज कमी केला.

भुसावळकरीण

थोरली, तू म्हणतेस ते गाण्यात किती आहे आणि तुझ्याकडून त्यात किती गेलंय, हे मला ठरवता येत नाही. माझी गच्ची आणि फोकलोर यांचंही तेच असेल कदाचित. पण मग अल्बमची तुलना करायचीच कशी? २०२० मध्ये मला नोकरी नव्हती, घरात कोणाशी बोलणं नव्हतं, अख्खी रात्र माझी होती. आता अर्ध्या तासाच्या गाडीत, शेजारी कोणाची तरी भाजीची पिशवी मांडीला टेकलेली. असं ऐकून कोणता अल्बम मोठा वाटेल? तरीसुद्धा माझं मत बदललेलं नाही. आजोबा, आजी, हार्कनेसबाई, त्या तीन पोरांची भानगड, ही माणसं मला पाच वर्षांनीही आठवतात. शोगर्लमधलं मला टेलरशिवाय कोणी आठवत नाही.

तापीकाठचा

सहाव्यात आहे ना माणूस.

शेवभाजी

महाराज बोलले! आता पुढचं पण.

तापीकाठचा

मला लांब लिहिता येत नाही. 'रुइन द फ्रेंडशिप'. शाळेतला एक मित्र. तिला तो आवडायचा, मैत्री मोडेल म्हणून सांगितलं नाही. पुढे एक दिवस मैत्रिणीचा फोन येतो की तो गेला. तिने त्याच्या कबरीशी जाऊन सांगितलं. बस.

गाण्याची चाल हसरी आहे, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. मीपण पहिल्यांदा नाचत होतो.

आमच्या वर्गात एक होती. यावल रोडला अपघात. बारावीचं वर्ष. तिची इतिहासाची वही अजून माझ्याकडे आहे, परत द्यायची राहिली.

धुळे_साउंड

चाल मुद्दाम हसरी ठेवली असणार. हाच पियानोवर हळू केला असता तर सगळ्यांनी पहिल्या कडव्यातच ओळखलं असतं. मी परत लावून बघतो.

संपादक

धागा चांगला चाललाय, पण भरीत पार्टीची चौकशी करणारे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. वांगी आसोद्याचीच घ्या, हे तिथे लिहा.

भुसावळकरीण

तापीकाठचा, सहावं गाणं भादली सोडल्यावर लागतं. मी तेव्हा नेहमी उठून दाराशी जाते, जळगावला गर्दीत उतरायला जागा मिळावी म्हणून, त्यामुळे ते प्रत्येक वेळी अर्धंच कानावर पडलं होतं.

आज सकाळी उठले नाही. गाडी जळगावला आली, लोक उतरले, मी खिडकीशीच बसून होते. मागून एक काकू ओरडल्या, 'वं माय, उतर की, गाडी पुढे चाळीसगावले जाई.' धावत उतरले, पर्स सीटवर राहिली, काकूंनीच खिडकीतून फेकली.

बाकीच्या अकरांबद्दल नंतर भांडू. ओपलाइट वगळून दहा.